अडीच इंचांनी कमी झालेला हितू

लालबागच्या कृष्णाबाई बिल्डिंगमध्ये बेचाळीस खोल्या आहेत आणि परवापरवापर्यंत शिडी एकही नव्हती. कधी कुणाला लागलीच नाही. दुसऱ्या मजल्यावर हितेंद्र परब राहत होता, तेवढं पुरेसं होतं.

सहा फूट दोन इंच. त्यातले निम्म्याहून जास्त पाय. हात असे, की उभ्या उभ्या गुडघा खाजवता यावा. माळ्यावरचा हंडा काढायचा असो, ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवायचा असो, नाहीतर पंख्याची पाती पुसायची असोत, "हितू, जरा ये रे" अशी हाक गेली की हा अनवाणी येणार, हात वर करणार आणि काम झाल्यावर "अजून काय?" असं विचारणार. हे विचारणंच त्याला नडायचं, कारण बायकांना अजून काहीतरी असायचंच. बेचाळीस माळ्यांवर काय काय आहे हे घरच्यांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक. आमचे सेक्रेटरी चिंतामणी राणे यांनी एकदा पितळी समई चोरीला गेली म्हणून पोलिसांत जायची तयारी केली होती. हितूनं त्यांच्या माळ्यावर गाद्यांमागे हात घातला आणि समई काढून दिली. "काका, तुमच्या नंदूच्या मुंजीनंतर तुम्हीच ठेवायला लावली होती." राण्यांनी आभार मानले नाहीत. समई पुसलेली नाही, एवढंच म्हणाले.

नोकरी दादरला, शाळेच्या युनिफॉर्मच्या दुकानात. वरच्या फळीवरचे गठ्ठे काढायला दुकानात स्टूल नव्हतं. मालकानं हितूला ठेवलं आणि स्टूल विकलं. स्वभाव म्हणाल तर मऊ भात. गॅलरीत भांडण सुरू झालं की हा दुसऱ्या टोकाला जाऊन तुळशीला पाणी घालायचा. भांडणं रोजची, त्यामुळे तुळस दोनदा कुजली. दाढी फक्त शनिवारी करायचा आणि तीही न्हाव्याला वाईट वाटू नये म्हणून. त्याची आई गंगुबाई अभिमानानं सांगायची, "माझ्या झिलाचा तोंड बघा, कसा लोण्यासारखा!"

झिलाचं सगळंच लोण्यासारखं. दगड काय तो सुनेत.

सुनेचं नाव पूर्वी. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि मूल नाही. दोघांपैकी कुणामुळे, याचा निकाल बिल्डिंगनं तिसऱ्याच वर्षी लावून टाकला होता. एवढा उंचापुरा, हाकेला धावणारा पुरुष. त्याच्यात काय असणार? पूर्वीला दोन डॉक्टरांकडे नेलं. दोघांनीही "हिचं सगळं नीट आहे, नवऱ्याला घेऊन या" असं सांगितलं. गंगुबाईनं दोन्ही वेळा डॉक्टर बदलला. मग देवगडला नवस झाले, कुणकेश्वरला झाले. पूर्वीनं सोळा सोमवार केले, तेही दोनदा. बिल्डिंगमध्ये कुणा गरोदर बाईची ओटी भरायची असली की सगळ्या सवाष्णींना बोलावणं जायचं आणि परबांच्या दाराशी येऊन ते वळसा घालायचं. कुणी वाईट नव्हतं. वळसा घालून जाणाऱ्या बायकाच दुसऱ्या दिवशी तिला वाटीभर बिरड्याची उसळ आणून द्यायच्या. पण ओटी नाही. पूर्वी त्या दिवशी मुद्दाम उशिरापर्यंत ऑफिसात थांबायची.

हितूला हे कळत होतं. त्याला काय बोलावं ते कळत नव्हतं.

गोष्ट सुरू झाली ती मागच्याच्या मागच्या दिवाळीत. दुसऱ्या मजल्यावरचे सगळे कंदील दरवर्षी हितू टांगायचा. गॅलरीच्या तुळईला लोखंडी हूक आहेत; टाचा उचलल्या की याचा हात तिथं नेमका पोचायचा. त्या वर्षी पोचेना. टाचा उचलल्या तरी दोन बोटं कमी पडत होती. खाली कंदील धरून उभे असलेले राणे म्हणाले, "अरे, चेष्टा कसली करतोस?"

"काका, पोचत नाहीये."

राण्यांचा चेहरा पांढरा पडला. बाजूच्या गिरणीच्या जागेवर त्या वर्षी साठ मजल्यांचा टॉवर चालू झाला होता. दिवसभर जमिनीत खांब ठोकत होते आणि आमच्या कपाटातल्या बश्या वाजत होत्या. राण्यांनी गॅलरीच्या फरशीकडे बघितलं, हुकाकडे बघितलं आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "गॅलरी खचली!"

पुढचा तासभर काय झालं ते सांगणं कठीण आहे. हुकाची जागा तीच, हितूही तोच, म्हणजे खाली गेली ती फरशीच. यात कुणालाही शंका वाटली नाही. तीन घरांनी फ्रिज गॅलरीतून आत ओढले. एक बाई कागदपत्रांची पिशवी आणि लोणच्याची बरणी घेऊन खाली रस्त्यावर जाऊन बसल्या. गंगुबाईनं टॉवरच्या दिशेनं उभं राहून बिल्डरच्या सात पिढ्यांचा मालवणीत उद्धार केला. राण्यांनी तीन ठिकाणी पाठवायचं पत्र रातोरात लिहून काढलं. विषय: 'इमारत दोन बोटे खचल्याबाबत.'

पत्र पाठवण्याआधी पुरावा हवा म्हणून दुसऱ्या दिवशी राण्यांनी आपल्या मित्राला बोलावलं. मॅल्कम बाप्टिस्ट, राहणार माझगाव. पस्तीस वर्षं गोदीत मोजमापाच्या कामावर होते, आता निवृत्त. डोक्यावर हॅट, हातात प्लास्टिकची पारदर्शक नळी. नळीत पाणी भरून त्यांनी एक टोक राण्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरले. मागोमाग बत्तीस माणसं.

"राणे," नळीतलं पाणी बादलीत ओतत मॅल्कम म्हणाले, "तुमच्या बिल्डिंगला काय पण झाला नाय. एक सूत इकडचा तिकडे नाय."

"मग हूक वर गेला का?"

"हूक कुठे जाईल, मॅन?" मॅल्कम हितूसमोर जाऊन उभे राहिले. त्याच्याकडे खालून वरपर्यंत असं बघितलं, जसं बंदरात लागलेलं जहाज बघतात. "तू जरा भिंतीला टेकून उभा राहा बघू. चपला काढ. हां. तुझी हाइट किती?"

"सहा फूट दोन," उत्तर गंगुबाईनं दिलं. "लग्नाच्या कागदार लिवलला हा."

मॅल्कमनी त्याच्या डोक्यावर पट्टी ठेवून भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि टेप लावला. पाच फूट साडेअकरा. पुन्हा लावला. तेवढंच. मग त्याला दोन्ही हात पसरायला लावले आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजलं. सहा फूट चार भरले.

"हात जागेवर आहेत," मॅल्कम म्हणाले. "मधला माणूस कमी झालाय. अडीच इंच."

मग पहिल्यांदा हसले ते राणेच. मग सगळी बिल्डिंग हसली. हितूसुद्धा हसला. हसली नाही ती एकटी पूर्वी. ती आत गेली, हितूच्या दुखण्यांची एक वही घेऊन आली आणि मॅल्कमना बाजूला नेऊन दाखवू लागली. सहा वर्षांपूर्वी दुकानाचं शटर ओढताना मनगट मोडलं. परळच्या एका हाडवैद्याकडून बांधून आणलं. शटर गंजलेलं होतं म्हणाले. तीन वर्षांपूर्वी खोकताना बरगडी मोडली. खोकला वाईट होता म्हणाले. मागच्या वर्षी राण्यांचाच हंडा काढताना पाठीत उसण भरली, ती महिनाभर गेली नाही. हंडा जड होता म्हणाले. प्रत्येक वेळी दोष शटरचा, खोकल्याचा, हंड्याचा. हितूच्या हाडांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

मॅल्कमनी हॅट काढली. "पोरी, माझी ओलिव्हिया डॉक्टर आहे. हाडांची नाय, हार्मोनची. पण तिला दाखव. उद्याच दाखव."

डॉक्टर ओलिव्हिया वडिलांसारख्याच निघाल्या. आधी मोजायच्या, मग बोलायच्या. त्यांनी एक्सरे काढला. मणके विटांसारखे एकावर एक असायला हवेत. हितूचे तीन मणके पुढून चेपून पाचरीसारखे झाले होते. हाडांची घनता मोजणाऱ्या मशीनवर झोपवलं. आकडा बघून त्यांनी विचारलं, "तुमचं वय त्रेचाळीस ना? ही हाडं सत्तरीतल्या आजींची आहेत."

मग त्यांनी असे प्रश्न विचारले जे हितूला कुणी कधी विचारले नव्हते. दाढी किती वेळा करता? दम लवकर लागतो का? मूल आहे का? नाही? तपासणी कुणाची झाली? हितू जमिनीकडे बघत होता. "हिची," तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी पूर्वीकडे बघितलं आणि रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली.

रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला. डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर रेघा काढून समजावलं. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. पुरुषांत एक एक्स आणि एक वाय. हितूच्यात दोन एक्स आणि एक वाय. जन्मापासून. याला क्लाइनफेल्टर म्हणतात आणि हे पाच-सहाशे पुरुषांत एकाला तरी असतंच. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. त्यामुळे पुरुषी हार्मोन कमी तयार होतं. पाय लांब होतात, दाढी विरळ राहते, मूल होत नाही.

"आणि हाडं?" पूर्वीनं विचारलं.

"हाडांनासुद्धा तेच हार्मोन लागतं. लोकांना वाटतं हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार. पुरुषाचं हार्मोन कमी पडलं की त्याचीही होतात. यांना वीस वर्षं कमी पडतंय, वर ड जीवनसत्त्वही तळाला. बाहेरून टॉवर, आतून सिमेंट कमी."

हितूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "बरं होईल?"

"गेलेले अडीच इंच परत येणार नाहीत. पण पुढचे वाचवता येतील. हार्मोनची सुई घ्यायची, कायमची. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, वर्षातून एकदा हाडांसाठी सलाइनमधून औषध. रोज चालायचं. आणि वजन उचलायचं नाही, उंचावरचं तर मुळीच नाही. एक हंडा आणखी, तर चौथा मणका." मग आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "सुई सुरू करायच्या आधी एक विचारते. मुलासाठी प्रयत्न करायचा असेल तर ऑपरेशन करून बघता येतं. खात्री नाही. पण आधी ठरवावं लागेल."

हितूनं पूर्वीकडे बघितलं. पूर्वी एकेचाळीस वर्षांची होती. ती म्हणाली, "आधी ह्यांची हाडं."

डॉक्टरांच्या परळच्या दवाखान्यातून लालबागपर्यंत दोघं चालत आले. भारतमाता टॉकीजपाशी हितू थांबला आणि म्हणाला, "आईला नको सांगूस. बिल्डिंगला तर नकोच. मला वेळ दे." चारचौघांत त्याला 'अहो' म्हणणारी पूर्वी एकटी असली की 'अरे' म्हणते. ती म्हणाली, "तुझं आहे, तूच सांग. जेव्हा जमेल तेव्हा." एवढं बोलून तिनं उसाचे दोन रस सांगितले.

ते जमायला त्याला आठ महिने लागले.

आणि आठ महिने पूर्वीनं काय केलं? हाक आली की हितूच्या आधी ती पोचायची. हातात घरचं प्लास्टिकचं स्टूल. "ह्यांना आज वेळ नाही, मी काढते." पदर खोचून स्टुलावर चढायची आणि दुसऱ्यांचे हंडे उतरवायची. बिल्डिंगला हे अजिबात आवडलं नाही. चौदा वर्षं मूल नाही ते नाहीच, वर आता नवऱ्याला हातही वर करू देत नाही! गंगुबाई गॅलरीत पापड वाळत घालताना सुस्कारे सोडायची. "बांधून ठेवल्यान गो माझ्या झिलाक." कुणी म्हणे पूर्वीला गर्व झाला, कुणी म्हणे जादूटोणा. हितूच्या अंगावर हळूहळू मांस भरत होतं, पाठ दुखायची थांबली होती, दाढी आठवड्यातून तीनदा करावी लागत होती. त्याचं श्रेय गंगुबाईनं कुणकेश्वराला दिलं.

हितू हे सगळं ऐकत होता. रात्री म्हणायचा, "उद्या सांगतो." सकाळी दुकानाला पळायचा; तिथं त्यानं पाठदुखीचं कारण सांगून गठ्ठ्यांऐवजी गल्ला मागून घेतला होता.

मग राण्यांच्या सुनेचं, मृणालिनीचं डोहाळजेवण निघालं. सातवा महिना. रविवार सकाळ. हिरव्या साड्या, झेंडूच्या माळा, पुरणाचा वास. डोहाळजेवणाला झोपाळा लागतो आणि तो राण्यांच्या घरी आढ्याच्या दोन कड्यांना टांगतात. शिसवी पाट, पितळी साखळ्या. चांगलं पंचवीस किलोंचं धूड. बोलावणं बेचाळीस घरांत गेलं आणि परबांच्या दाराशी येऊन अर्ध्यात वळलं. म्हणजे गंगुबाईला बोलावलं आणि झोपाळ्यासाठी हितूला.

हितू राण्यांच्या दारात पोचला. त्याच्या मागून स्टूल घेऊन पूर्वी आली. खोलीत पंचवीस बायका. गंगुबाई ताडकन उठून दाराशी आली.

"गे, तू खंय चललंस?"

"झोपाळा लावायला, आई."

"झोपाळो हितू लावतलो. आज हयसर ओटी भरूची असा. तुका समजणा नाय? जा घराक."

हे ती ओरडून बोलली नाही. म्हणूनच जास्त लागलं. पूर्वीनं स्टूल हितूच्या पायाशी ठेवलं. "तुम्ही चढू नका," एवढंच हळू म्हणाली आणि वळली. हितूनं तिच्या हाताचं मनगट धरलं. पंचवीस बायकांसमोर. आमच्या बिल्डिंगमध्ये लग्नाचे फोटो काढताना सोडलं तर नवरा बायकोचा हात धरत नाही.

"थांब," तो म्हणाला. "आई, मी झोपाळा लावणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. माझे तीन मणके मोडलेत. ही आठ महिने स्टुलावर चढते ती माझा चौथा मोडू नये म्हणून."

"काय बोलतस काय?"

"आणि मूल नाही ते हिच्यामुळे नाही. माझ्यामुळे. हिचं सगळं नीट आहे. माझ्यात जन्मापासून एक गुणसूत्र जास्त आहे. त्यानंच हाडं गेली, त्यानंच मूल नाही."

घाबरलेला माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नाही. त्यानं रक्ताचा रिपोर्ट सांगितला, सुई सांगितली, ती कमरेच्या खाली कुठे घेतात तेही सांगितलं. पुरणाचं ताट धरलेल्या एका बाईंनी ताट खाली ठेवलं. राणे आतल्या खोलीत गेले आणि तिथूनच ऐकू लागले.

गंगुबाई खुर्चीवर बसली. "जास्त?" ती म्हणाली. "कमी न्हय, जास्त?"

"जास्त."

"ता इला खंयसून? माज्याकडसून इला?" तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "मी काय खाल्लंय रे त्या वक्ताक? माझा काय चुकला?"

हितूनं पूर्वीकडे बघितलं. उत्तर पूर्वीनंच दिलं. ती सासूसमोर उकिडवी बसली. "कुणाचं काही चुकलं नाही, आई. असं आपोआप होतं. डॉक्टर म्हणाल्या, यात कुणाचाच दोष नसतो."

चौदा वर्षं जे वाक्य कुणीतरी पूर्वीला सांगायला हवं होतं ते तिनं सासूला सांगितलं. हे तिच्या लक्षात आलं की नाही, ठाऊक नाही. गंगुबाईच्या आलं असावं. ती सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग पदर डोळ्यांना लावून रडली. रडताना मध्येच थांबून तिनं हितूच्या पाठीवरून मणके मोजून बघितले.

तेवढ्यात हिरव्या साडीत घामाघूम झालेली मृणालिनी म्हणाली, "सॉरी, पण माझे पाय सुजलेत हो. झोपाळा नको. मी खुर्चीवर बसते. पूर्वीकाकू, पहिली ओटी तुम्ही भरा आणि जरा पटपट."

"मी?" पूर्वी म्हणाली. "मी अशीच आलेय. साडीसुद्धा बदललेली नाही."

"ओटी साडी नाय भरत," गंगुबाई उठून म्हणाली. तिनं सुपातला नारळ आणि खण उचलून पूर्वीच्या हातात कोंबले. "भर."

पूर्वीला ओटी कशी भरतात ते नीट येत नव्हतं. कधी भरलीच नव्हती. तांदूळ पाच वेळा की तीन, ती अडली. पंचवीस बायकांनी पंचवीस पद्धती सांगितल्या. शेवटी तिनं सात वेळा घातले. निम्मे मृणालिनीच्या पदरात पडले, निम्मे फरशीवर. हितू दारात उभा होता. त्याला कुणी बाहेर जायला सांगितलं नाही आणि स्वतःहून जावं हे त्याला सुचलं नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर तो म्हणाला, "रागावलीस?"

"आठ महिने लावलेस."

"भीती वाटत होती."

"मला नव्हती वाटत? रोज स्टुलावर चढत होते मी. एवढं जुनं स्टूल!" असं म्हणून ती हसली, मग बराच वेळ रडली आणि हितूला तिच्यासाठी चहा करावा लागला. चहा वाईट झाला. तिनं सगळा प्यायला.

माफी मागणं गंगुबाईला येत नाही. त्या रात्री तिनं मांदेली तळली आणि कुरकुरीत झालेली सगळी सुनेच्या ताटात वाढली. पूर्वीनं त्यातली चार हितूच्या ताटात टाकली, काट्यांत कॅल्शियम असतं म्हणून. गंगुबाईनं ती उचलून परत सुनेच्या ताटात टाकली. "तेका गोळये असत. तू खा."

राण्यांनी कमिटीची मीटिंग घेऊन बिल्डिंगसाठी एक ॲल्युमिनियमची शिडी आणली. ती आणल्यावर ठेवायची कुठे यावर तीन आठवडे वाद झाला. हितू आता रोज सकाळी पूर्वीबरोबर नायगावपर्यंत चालून येतो. हाक मारली तर अजूनही येतो, माळ्याखाली उभा राहतो आणि शिडीवरच्या माणसाला सांगतो, "डावीकडे, गाद्यांच्या मागे." मागच्या महिन्यात पुन्हा मशीनवर झोपवलं. आकडा थोडा वर आलाय. डॉक्टर ओलिव्हियांनी हितूची पाठ थोपटायला हात उचलला आणि मग आठवून खांद्यावर ठेवला.

परवा पहिल्या मजल्यावरच्या एक बाई गंगुबाईकडे सल्ला विचारायला आल्या. मुलाच्या लग्नाला दोन वर्षं झालीत, अजून काही नाही. सुनेला कुणकेश्वराला नेऊ की आणखी कुठे? गंगुबाई गॅलरीत पापड उलटत होती. मागे दारात पूर्वी ओले कपडे पिळत होती.

"कुणकेश्वराक मागीर ने," गंगुबाई म्हणाली. "आधी झिलाक ने. त्या डॉक्टरीणबाईचो नंबर पूर्वीकडे असा. रगात तपास, हाडां तपास. पाचशेंत एक असता." मग आवाज चढवून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं, "आणि सुनेक तवसर काय एक बोलू नको. समाजलां?"

पूर्वीनं हातातला कपडा पिळून झाला होता तरी आणखी एकदा पिळला. मग आत जाऊन चष्मा शोधला आणि नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला.